ज्ञानबाची तब्येत

विरुपाक्ष तोळणुरे यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझं वय चोवीस होतं. त्यांच्या टेबलापासून उठलो तेव्हा मी सत्तरी ओलांडली होती. मध्ये फक्त पाऊण तास गेला होता.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. सोलापुरात नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं आरोग्य पाहणीचं कार्यालय होतं. खाली लुगडी आणि चादरी, वर कागद. मी तिथं ‘संगणक’ या पदावर रुजू व्हायला गेलो होतो. त्या काळी संगणक हे यंत्राचं नाव नव्हतं, माणसाचं होतं. दिवसभर बेरजा करून संध्याकाळी घरी जाऊन जेवू शकेल असा कोणीही संगणक होऊ शकत असे. जिना चढून वर गेलो तर समोर भरलेल्या फॉर्मांचे चार डोंगर आणि त्यांच्या मधल्या खिंडीत कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे. पट्ट्यांखाली जाड भिंगांचा चष्मा होता. चष्म्यातून माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं गेलं, की जणू मी शेवटचा फॉर्म आहे आणि तोही चुकीचा भरलाय.

“तब्येत कशी आहे?”

“ठीक आहे,” मी म्हणालो. सोलापुरात मे महिन्यात जिना चढून आलेला माणूस याहून जास्त काय म्हणणार?

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझी चौकशी सुरू केली. जिना एका दमात चढलो की मध्ये थांबलो? रात्री किती वेळा जाग येते? डावा गुडघा आणि उजवा गुडघा यांत कोण जास्त बोलतो? जेवल्यावर पोटात काय होतं, आणि काही होत नसेल तर का होत नाही? वीस मिनिटांत मला दमा झाला. अर्ध्या तासात पित्त, सांधेदुखी आणि दृष्टिदोष आला. माझा डावा गुडघा माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

“वाईट,” मी भिंतीला धरून म्हणालो.

“बघ की,” ते दमलेल्या समाधानानं म्हणाले, “पाऊण तासापूर्वी ठीक होतास. माणूस तोच, गुडघा तोच. बदललं काय मग?”

आमच्या कार्यालयात सगळे त्यांना अण्णा म्हणत. अक्कलकोटकडचे. घरात कन्नड बोलायचे, बाहेर मराठी, साहेबांशी इंग्रजी, आणि हातचे मात्र कन्नडमधूनच धरायचे. पुण्याला संख्याशास्त्राचं एक वर्ष झालं होतं, तेवढ्यात वडील गेले आणि उरलेलं शास्त्र त्यांना फॉर्मांवरून स्वतःच शिकावं लागलं. वय एक्कावन्न. पण त्यांचं वय विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते कायम थकलेले असत. सकाळी साडेदहाला ते इतरांच्या संध्याकाळी साडेपाचसारखे दिसत, आणि साडेपाचला कसे दिसत ते बघायला आम्ही कोणी थांबत नसू. खुर्चीत बसताना ‘शिवा’ म्हणत आणि उठताना ‘शिवशिवा’. एवढा थकलेला माणूस इतकी कामं कशी उरकतो याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. कामं उरकत नव्हतीच. एकच काम ते पंचवीस वर्षं करत होते. माणसाला ‘कसा आहेस’ विचारलं की तो जे सांगतो, त्यातलं खरं किती हे शोधण्याचं.

त्या वर्षी या कामाला धार आली होती. सरकार जिल्ह्यात एक नवा दवाखाना बांधणार होतं. एक डॉक्टर, एक नर्सबाई, औषधांचं कपाट आणि वर कौलं. तो कुठल्या गावाला द्यायचा हे आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. फॉर्ममध्ये साठ प्रश्न होते, पण पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्या साहेबांना साठ गोष्टी वाचायला वेळ नसे. त्यांना एकच आकडा लागे. प्रश्न अकरावा : तुमची एकूण तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, बरी, वाईट. ज्या गावात शंभरातले जास्त लोक ‘वाईट’ म्हणतील, दवाखाना त्या गावाचा. चाळणी लागत लागत शेवटी दोन गावं उरली होती.

एक हरणमळा. नातेपुत्याच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावर. ऊस, केळी, फटफटीवरून येणारा खाजगी डॉक्टर. या गावाला आजाराची हौस होती. तिथले बागाईतदार आबासाहेब मिरजेला जाऊन ब्लडप्रेशर घेऊन आले, तेव्हा गावात पहिला ट्रॅक्टर आला त्यापेक्षा जास्त गर्दी त्यांच्या दारात जमली होती. वर्षभरात आणखी सहा घरांनी ब्लडप्रेशर घेतलं. ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी पित्तावर भागवलं.

दुसरं बोरमाळ. सांगोल्याच्या पुढं, फाट्यावर उतरून दोन कोस चालायचं. धनगरांची साठेक घरं, मेंढरं, बाभळी, आणि हातभर खोदलं की लागणारा खडक. डॉक्टर सात कोसांवर.

निकाल असा लागला : हरणमळ्यात शंभरात अठ्ठावन्न जणांची तब्येत वाईट. बोरमाळमध्ये चार. त्या चारांतले दोन फॉर्म चुकून दुसऱ्याच गावचे निघाले.

अण्णांनी तो तक्ता माझ्यापुढं सरकवला आणि चष्मा पुसत बसले. बोरमाळचे फॉर्म त्यांनी स्वतः भरले होते. तिथल्या केराबाईचं घर ते गोठ्याचं दार हे अंतर वीस पावलांचं. ती त्यात दोनदा बसली होती. तिची छाती भात्यासारखी वाजत होती, आणि अकराव्या प्रश्नाला ती म्हणाली होती, ‘बरं हाय.’ फॉर्मवर ‘बरी’वर खूण करताना अण्णांना पेन्सिल जड गेली होती. दवाखाना हरणमळ्याला गेला, तर ही बाई सात कोस चालणार नाही आणि तिला कोणी नेणारही नाही, हे त्यांना दिसत होतं. पण तक्त्यात ते दिसत नव्हतं.

आम्ही दोघं परत बोरमाळला गेलो. सांगोल्याला एस.टी. बदलायची, फाट्यावर धूळ खायची, मग चालायचं. अण्णा दर बाभळीखाली ‘शिवा’ म्हणत बसत आणि ‘शिवशिवा’ म्हणत उठत. त्या रस्त्यावर बाभळी पुष्कळ होत्या.

केराबाईनं आम्हाला घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, गूळ दिला. अण्णांनी सरळच विचारलं, की बाई, तुला चालवत नाही, धाप लागते, मग ‘वाईट’ का म्हणत नाहीस?

तिनं थोडा विचार केला. “वाईट म्हंजे कुनाच्या मानानं, अण्णा? दुस्काळात खडी फोडायला गेल्ते तवा रस्त्यावर पडत हुते. औंदा घरात पडते. मंग बरं न्हाय का?”

अण्णांची पेन्सिल फॉर्मवरच थांबली. मीही गूळ चघळायचा थांबलो.

“आन् दुसरं,” ती म्हणाली, “आपलं दुखनं आपुन सांगू न्हाय. शेजाऱ्यानं सांगावं. आपुन सांगितलं की भीक मागितल्यावानी हुतं.”

शेजारची फुलाबाई दारात उभी होती. तिनं लगेच केराबाईच्या धापेचं, रात्री उठून बसण्याचं, पायाच्या सुजेचं साग्रसंगीत वर्णन केलं. मग केराबाईनं फुलाबाईच्या पाठीचं सांगितलं. दोघी एकमेकींची दुखणी अशी मोकळेपणानं सांगत होत्या, की जणू लेकीसुनांचं कौतुक चाललंय. मात्र आमच्या फॉर्मवर शेजाऱ्यासाठी रकाना नव्हता.

परतताना फाट्यापर्यंत अण्णा एकाही बाभळीखाली बसले नाहीत, त्यामुळे मला काळजी वाटली. सांगोल्याच्या स्टँडवर चहाची बशी तोंडाशी नेताना म्हणाले, “पूर्वी बार्शीची पायली वेगळी, इथली वेगळी. दोघं ‘पायलीभर’ म्हणायचे आणि ज्वारी वेगवेगळी मापायचे. कोणी खोटं बोलत नव्हतं. ‘वाईट’चं तसंच आहे बघ. आधी पायली मोजायला पाहिजे, ज्वारी नंतर.”

आणि पायली मोजण्यासाठी त्यांनी ज्ञानबा निर्माण केला.

ज्ञानबा हा कागदावरचा माणूस. दोन्ही गावांच्या घरयाद्या तपासून, या नावाचं तिथं कोणी नाही याची खात्री करूनच अण्णांनी त्याचं बारसं केलं. त्याच्या पाच अवस्था होत्या. पहिला ज्ञानबा दिवसभर काम करतो, संध्याकाळी पाय दुखतात. दुसरा विहिरीवरून दोन घागरी आणताना मध्ये एकदा टेकतो. तिसऱ्याला धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं. चौथा घराबाहेर पडत नाही, अर्धीच भाकरी खातो. पाचवा अंथरुणाला खिळलेला. प्रत्येक घरी या पाचांविषयी विचारायचं : याची तब्येत कशी म्हणाल? मग ज्याचं त्यालाच विचारायचं : आणि तुमची? गाव कितव्या ज्ञानबाला ‘वाईट’ म्हणतं तेवढी त्या गावाची पायली. आपल्या दुखण्याबद्दल तोंड न उघडणारा माणूस दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल मोकळा बोलतो, हे केराबाईकडून शिकलेलंच होतं.

मला वाटलं, अण्णांना उन्हाचा त्रास झालाय. पण आम्ही दोन्ही गावांत घरोघर फिरलो आणि पायल्या निघाल्या. हरणमळ्यात आबासाहेबांनी दुसऱ्या ज्ञानबालाच हात वर केले. “वाईट. मिरजेला न्या, वेळ घालवू नका. माझं नाव सांगा.” पहिल्या ज्ञानबालाही त्यांनी मीठ बंद करायला सांगितलं. बोरमाळमध्ये दुसरा ज्ञानबा ‘चांगला’ ठरला, कारण दोन घागरी आणतोय की. तिसरा ‘बरा’. चौथाही बराच, अर्धी भाकरी जाते न्हवं? पाचव्यापाशी मात्र गाव थांबलं. तिथले पुढारी मायाप्पा, पांढऱ्या मिशांचे, दिवसभर खोकणारे, त्यांनी पटका सारखा केला आणि हळूच म्हणाले, “ह्ये वाईट झालं.”

पुढचे नऊ आठवडे आम्ही आकडे मोडले. कार्यालयात हातानं फिरवायचं एक गणकयंत्र होतं. त्याचा दांडा फिरवला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा. खाली दुकानात लुगडं बघणाऱ्या बायका वर बघायच्या. अण्णा आकडे सांगत, मी दांडा फिरवत असे, आणि दोघंही वाकत चाललो होतो. प्रत्येक माणसाला त्याच्या गावच्या पायलीतून काढून ज्ञानबाच्या शिडीवर उभं करायचं, असं ते गणित होतं. मला ते शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही. खांदा मात्र अजून आठवण देतो. आकडा निघाला तो असा : दोन्ही गावांना एकच पायली लावली, तर हरणमळ्यात तब्येत वाईट असणारे शंभरात सतरा. बोरमाळमध्ये एकसष्ट.

त्या दिवशी अण्णांनी दुसरा कप चहा मागवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, असं शिपायानं सांगितलं.

इथपर्यंत सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. गोंधळ एवढाच झाला होता, की बोरमाळच्या लोकांनी पाच ज्ञानबा ऐकलेच नव्हते. त्यांनी एकच ऐकला होता. पहिल्या प्रश्नात धडधाकट काम करणारा माणूस पाचव्या प्रश्नाला अंथरुणाला खिळतो, आणि मध्ये फक्त एक चहा झालेला असतो! अशी झपाट्यानं ढासळणारी तब्येत त्या गावानं पाहिली नव्हती. आकडेमोड चालू असतानाच आम्ही काही उरलेले फॉर्म भरायला पुन्हा गेलो होतो, तेव्हा फुलाबाईनं हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी अण्णांच्या हातात दिली. ज्ञानबाला गरम, पातळ माडगं करून घाला म्हणाली. मायाप्पांनी त्याच्या कपाळाला लावायला बिरोबाचा भंडारा दिला. केराबाई बसत बसत आली आणि तिनं विचारलं, की कसं हाय आता त्याचं?

मला हसू आवरेना. मी अण्णांकडं पाहिलं. खरं सांगायचं तर असा कोणी नाही, आम्ही तुम्हाला बनवलं, असं म्हणावं लागलं असतं. अण्णांनी पुरचुंडीकडं पाहिलं, केराबाईच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं.

“जरा उतार आहे,” ते म्हणाले.

आयुष्यभर नोंदी केलेल्या माणसानं केलेली ही एकमेव खोटी नोंद. परतताना एस.टी.त ते सबंध रस्ता पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले होते. घरी त्यांच्या पत्नीनं, जगदेवीवहिनींनी, त्याचं माडगं केलं आणि अण्णांनी ते खाल्लं. म्हणाले, कोणातरी आजाऱ्याच्या पोटात जायला हवं होतं.

अहवाल साहेबांकडं गेला. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना तो आवडलाही असावा, कारण त्यांनी तो वाचला. पण चाराचे एकसष्ट कसे झाले हे वर विचारलं तर सांगणार काय? म्हणून ते स्वतः बोरमाळ बघायला निघाले. अण्णांनी आधी निरोप धाडला होता, की साहेब विचारतील तेव्हा लाजू नका, खरं सांगा. मायाप्पांनी उलट निरोप दिला : काळजी नसावी, समदं सांगतो.

डिसेंबरात जीप बोरमाळला पोचली तेव्हा सगळी वस्ती बिरोबाच्या देवळापुढं बसलेली होती. धुतलेले पटके, धुतलेली लुगडी. एवढं निरोगी गाव मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मायाप्पांनी सबंध स्वागत एकदाही न खोकता पार पाडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण खोकला आत दाबून धरला. पाहुण्यासमोर खोकणं बरं दिसत नाही.

साहेबांनी विचारलं, तब्येत कशी आहे सगळ्यांची?

“बरं हाय,” गाव म्हणालं.

अण्णांनी डोळे मिटले. मग केराबाई उठली. उठताना एकदा टेकली, पुन्हा उठली. माझ्या जिवात जीव आला. आता ही सांगणार, मला वाटलं.

“आमचं काय न्हाय, सायेब. आमी बरं हाव,” ती म्हणाली. मध्ये श्वास घ्यायला थांबली. “पर त्या ज्ञानबाचं बगा आदी. अंथरुनाला खिळलाय त्यो. दवाखाना त्याच्यासाटी तरी करा.”

मागून फुलाबाई म्हणाली, की व्हय, लई हाल हैत त्याचे.

“ज्ञानबा कोण?” साहेबांनी विचारलं.

“अण्णांचा हाय की कुनीतरी,” मायाप्पा म्हणाले. “आमी बिरोबाला बोललोय त्याच्यासाटी.”

साहेबांनी घरयादी मागितली. मी दिली. ते बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेले. नंतर अहवाल उघडला. त्यात ज्ञानबा पानापानावर होता, पाच पाच अवस्थांत. अण्णा समजावून सांगू लागले. पायलीचं सांगितलं, शिडीचं सांगितलं. पण मागं गाव ज्ञानबाविषयी हळहळत असताना पुढं उभं राहून ज्ञानबा नाहीच हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांचा आवाज खाली खाली जात केराबाईला ऐकू जाणार नाही इतका हळू झाला, आणि मग साहेबांनाही ऐकू जाईना.

“तोळणुरे,” साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, “लोकांनी स्वतः सांगितलं, आम्ही बरे आहोत. आजारी आहे तो एकटा, आणि तो यादीत नाही.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अस्तित्वात नसलेल्या इसमाच्या प्रकृतीवर आधारलेला अहवाल ग्राह्य धरता येत नाही, अकराव्या प्रश्नाची मूळ टक्केवारी कायम ठेवावी. अण्णांनी ते पत्र फाइलला लावलं आणि खुर्चीत बसले. ‘शिवा’ म्हणाले नाहीत.

पुढं त्यांची बदली पशुगणनेकडं झाली. ते काम त्यांना मानवलं असं ते म्हणत. शेळीला काही विचारावं लागत नाही, मोजली की झालं. अठ्ठ्याहत्तर साली मी त्यांना घरी भेटायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि आत जायला उठले नाहीत. तब्येत कशी आहे विचारलं. ‘बरी आहे’ म्हणाले. जगदेवीवहिनी दारातून म्हणाल्या, की हे स्वतः सांगायचे नाहीत, मी सांगते. दोन महिने झाले, रात्री उठून बसतात.

“अण्णा, कितवा ज्ञानबा?” मी विचारलं.

ओट्यावरून घरात जाणाऱ्या तीन पायऱ्या त्यांनी नजरेनं मोजल्या. “तिसरा,” म्हणाले. “पण बोरमाळच्या पायलीनं बराच की.”

दवाखाना हरणमळ्याला झाला. बोरमाळहून तो एकोणीस कोस पडतो.